जोधा होती की नव्हती?

मे २०२५ मध्ये राजस्थानचे राज्यपाल हरिभाऊ बागडे उदयपूरच्या एका कार्यक्रमात म्हणाले, की जोधा-अकबर विवाहाची गोष्ट खोटी आहे. अकबरनाम्यात, म्हणजे अकबराच्या दरबारी इतिहासात, तो विवाह नाही, आमेरच्या राजा भारमलाने एका दासीची मुलगी अकबराला दिली, असं त्यांचं म्हणणं होतं. बागडे महाराष्ट्र विधानसभेचे माजी अध्यक्ष, त्यामुळे बातमी आपल्याकडेही लगेच पोचली. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या दिवशी दोन तट पडले. एक म्हणे, "मग ऐश्वर्या रायचा अख्खा सिनेमा खोटा?" दुसरा म्हणे, "फतेहपूर सिक्रीला जोधाबाईचा महाल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय."

त्या वादात एका प्रश्नात तीन प्रश्न अडकले होते. आमेरच्या राजाच्या मुलीशी अकबराचं लग्न झालं का? तिचं नाव जोधा होतं का? आणि त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, जवळजवळ नक्कीच नाही. तिसरं कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, आणि नेमक्या त्याच रिकाम्या जागेत २००८ साली 'जोधा अकबर' हा साडेतीन तासांचा भव्य चित्रपट उभा राहिला आणि पुढे टीव्हीवर मालिकाही आली.

एकेक प्रश्न सोडवू.

## लग्न झालं का?

जानेवारी १५६२. अकबर एकोणीस वर्षांचा आहे. आग्र्याहून अजमेरला, ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याकडे निघालाय. वाटेत आमेर लागतं. आज आपण जयपूरच्या सहलीत जो आमेरचा किल्ला बघतो, तेच. तेव्हा जयपूर शहर वसलेलंही नव्हतं आणि आमेर हे राजपुतान्यातलं एक लहानसं राज्य होतं.

राजा भारमल कछवाहा अडचणीत होता. घरात भाऊबंदकी. पुतण्या सुजा गादीवर हक्क सांगत होता आणि मिर्झा शरफुद्दीन हुसेन नावाचा मोगल सरदार त्याच्या बाजूने उभा होता. या मिर्झाने भारमलावर खंडणी बसवली आणि त्याचा मुलगा जगन्नाथ व दोन पुतणे ओलीस म्हणून नेले.

तालुक्याचा साहेबच भाऊबंदाला सामील झाला, की आपल्याकडचा माणूस काय करतो? थेट मंत्रालय गाठतो. भारमलाने तेच केलं. सांगानेरला तो बादशहाच्या छावणीत हजर झाला आणि थोरली मुलगी द्यायची तयारी दाखवली. अजमेरहून परतताना, मिठाच्या सरोवराकाठच्या सांभर गावी लग्न लागलं. ओलीस सुटले. भारमलाचा मुलगा भगवंतदास आणि नातू मानसिंह बादशहाच्या चाकरीत आले.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. 'सोयरीक' या शब्दातलं राजकारण आपल्याला चांगलं कळतं. निंबाळकर, मोहिते, शिर्के, जाधव या घराण्यांमधली लग्नं ही दोन जिवांइतकीच दोन तलवारींची गाठ असे. सांभरला तेच घडलं, फक्त इथे दोन धर्मही समोरासमोर होते.

या एका लग्नाचे धागे फार लांबवर गेले. मानसिंह सात हजारांच्या मनसबीपर्यंत चढला. मनसब म्हणजे दरबारातला हुद्दा, आकड्यात मोजलेला. राजघराण्याबाहेरच्या माणसाला एवढा आकडा मिळणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. १५७० मध्ये बिकानेर आणि जैसलमेरनेही मुली दिल्या. मेवाड मात्र शेवटपर्यंत या वाटेला गेलं नाही. आणि आमेरच्या त्याच घराण्यातला, मानसिंहाचा पणतू मिर्झाराजे जयसिंह १६६५ साली मोगली फौज घेऊन पुरंदरच्या पायथ्याशी येऊन बसला. शिवाजी महाराजांना ज्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, तो तह करवून घेणारा सेनापती मोगलांना सांभरच्या सोयरिकीतून मिळाला होता. शाळेत आपण पुरंदरचा तह पाठ केला, पण आमेरचा राजपूत राजा औरंगजेबासाठी सह्याद्रीत का लढतोय, हे मला तरी कुणी समजावलं नव्हतं.

## पण अकबरनाम्यात उल्लेख नाही ना?

हा आक्षेप वारंवार येतो, म्हणून नीट बघू. अकबरनामा हा अबुल फजलने लिहिलेला दरबारी इतिहास. काम सुरू झालं १५८९ च्या सुमारास, म्हणजे लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी. त्यात सांगानेरची भेट आहे, भारमलाने देऊ केलेली थोरली मुलगी आहे, सांभरचं लग्न आहे, तिच्या शील आणि बुद्धीची थोडक्यात स्तुतीही आहे. तिचं नाव तेवढं नाही.

म्हणजे "जोधा हे नाव अकबरनाम्यात नाही" हे वाक्य खरं आहे. "ते लग्न अकबरनाम्यात नाही" हे खरं नाही. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की घोटाळा होतो.

नाव का नाही? माझ्या आजोबांनी लिहून ठेवलेली आमची वंशावळ आहे. सात पिढ्यांचे पुरुष नावानिशी, आणि मध्ये मध्ये एवढंच: 'यास दोन कन्या'. कुणाच्या त्या, कुठे दिल्या, काही नाही. मोगल दरबारात तर राणीचं नाव चारचौघांत घेणं हीच बेअदबी होती. तिचा उल्लेख व्हायचा तो खिताबाने, म्हणजे बादशहाने दिलेल्या पदवीने. अकबराची आई हमीदा बानू ही 'मरियम मकानी' होती. भारमलाच्या या मुलीच्या पोटी १५६९ साली सलीम जन्मला, तो पुढे जहांगीर झाला; आणि तिचा खिताब होता 'मरियम-उज-जमानी', म्हणजे आपल्या काळची मरियम, मरियम म्हणजे येशूची आई. यापुढे मी तिला याच नावाने हाक मारणार आहे. राजस्थानी वंशावळींमध्ये हरखाबाई, हीर कुंवर अशी माहेरची नावं सांगितली जातात. त्यातलं कुठलंही 'जोधा' नाही.

## मग जोधा आली कुठून?

आपल्या घरांत काकूंची नावं कशी पडतात आठवा. सांगलीच्या काकू, नागपूरची वहिनी, बेळगावची मामी. पुढच्या पिढीला त्यांचं खरं नाव मेल्यावर वर्तमानपत्रातल्या चौकटीतच कळतं.

'जोधबाई' हे असंच नाव आहे: जोधपूरवाली बाई. मारवाडच्या, म्हणजे जोधपूरच्या, मोटा राजा उदयसिंहाची मुलगी मानमती, जिला जगत गोसाईं म्हणत, ती १५८६ मध्ये जहांगीरला दिली. म्हणजे अकबराची बायको नव्हे, सून. शाहजहान हा तिचा मुलगा. आमेरच्या मुलीला 'जोधपूरची' म्हणणं म्हणजे सांगलीच्या काकूंना नागपूरची म्हणण्यासारखं आहे.

सासूच्या अंगावर सुनेचं नाव चढलं ते फार नंतर. कर्नल जेम्स टॉड नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने राजस्थानचा मोठा इतिहास लिहिला, दोन खंडांत, १८२९ आणि १८३२ साली. त्यात जोधबाई अकबराची राणी म्हणून येते. टॉडचा ग्रंथ खूप वाचला गेला, त्यावरून नाटकं-कादंबऱ्या झाल्या, वाटाडे तेच सांगू लागले. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मध्ये अकबराच्या राणीचं नाव जोधाबाईच होतं आणि ती भूमिका केली होती आपल्या दुर्गा खोटे यांनी. मुलगा आणि नवरा यांच्यात होरपळणारी ती आई ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनातून जोधा हे नाव कुठला इतिहासकार काढणार?

आणि फतेहपूर सिक्रीचा महाल? सिक्रीचं बांधकाम १५७१ च्या सुमारास सुरू झालं आणि १५८५ मध्ये अकबराचा दरबार तिथून लाहोरला हलला. खरी जोधपूरची सून घरात आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा तो महाल तिचाही नव्हता. अंतःपुरातली ती सगळ्यात मोठी इमारत, तिला हे नाव मागाहून चिकटलं, इतकंच.

२००८ च्या चित्रपटाने ही गोष्ट लपवली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. सुरुवातीलाच निवेदन येतं, की राणीच्या नावाबद्दल मतभेद आहेत, कुणी हरखाबाई म्हणतं, कुणी हीर कुंवर. तरीही राजस्थानात तो चित्रपटगृहांत लागू शकला नाही आणि काही राज्यांनी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात जाऊन उठवावी लागली.

## ती दासीची मुलगी होती? की पोर्तुगीज?

दासीकन्येची गोष्ट राजस्थानात बऱ्याच काळापासून ऐकू येते. तिच्यामागची वेदना मी समजू शकतो. आपल्या घराण्याची लेक जिंकणाऱ्याला द्यावी लागली, हे पचवणं सोपं नाही. पण समकालीन नोंद तिला भारमलाची थोरली मुलगी म्हणते. आणि व्यवहाराच्या बाजूनेही बघा. बादशहाला फसवून दासीची मुलगी दिली असती आणि ते उघड झालं असतं, तर भगवंतदास आणि मानसिंह यांची त्या दरबारात धडगत नव्हती. उलट ते चढतच गेले.

दुसरी गोष्ट गोव्यातून येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात असा दावा केला गेला, की अकबराची ही राणी म्हणजे समुद्रात पकडली गेलेली एक पोर्तुगीज स्त्री होती. 'मरियम' या शब्दाने असे तर्क आधीपासून चालत आलेत. पण मरियम इस्लाममध्येही अत्यंत पूज्य आहे, आणि अकबराच्या मुसलमान आईचा खिताबही मरियमच होता, हे वर आलंच आहे.

शिवाय एक साधा पुरावा आहे. गोव्याहून निघालेले तीन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे, पाद्री १५८० च्या सुरुवातीला सिक्रीला पोचले. रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस. अकबराला ख्रिस्ती करायचं, हे एकच स्वप्न घेऊन ते आले होते. मोन्सेरातने बादशहाबद्दल, दरबाराबद्दल बारीकसारीक लिहून ठेवलंय. घरात पोर्तुगीज ख्रिस्ती राणी असती, युवराजाची आईच ख्रिस्ती असती, तर या पाद्र्यांनी ती बातमी आनंदाने गोव्याला आणि रोमला कळवली नसती का?

## बरं, प्रेम होतं का?

इथे मला चित्रपटाशी थोडं भांडायचं आहे. त्याचं कौतुक ठेवूनच.

पडद्यावर अकबराचं अंतःपुर म्हणजे एक नवरा, एक बायको आणि कारस्थान करणारी एक दाई. प्रत्यक्षात मरियम-उज-जमानी घरात आली तेव्हा रुकय्या बेगम ही चुलत बहीण असलेली पहिली बायको तिथे होती, अकबराचा पालक बैरामखान याची विधवा सलीमा बेगमही आता अकबराची बायको म्हणून तिथे होती. अबुल फजल लिहितो, की अंतःपुरात पाच हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. या सगळ्या बायका नव्हेत. त्यात आया, आत्या, विधवा नातेवाईक, लेखनिक, पहारेकरणी, दासी सगळ्या आल्या. ते एक छोटं शहरच होतं. वरच्या दर्जाच्या स्त्रियांना महिना १०२८ ते १६१० रुपये नेमणूक आणि सगळ्यात खालच्या दासीला दोन रुपये. आत स्त्रियांचा पहारा, त्याबाहेर खोजे, त्याहीबाहेर विश्वासू राजपूत. तलवारबाजी करत एकमेकांच्या प्रेमात पडणारं तरुण जोडपं या व्यवस्थेत बसवणं फार कठीण आहे.

पण सहजीवन होतं, आणि त्याच्या खुणा आहेत. बदायुनी हा त्याच दरबारातला कडवा इतिहासकार; अकबराची उदारता त्याला मुळीच रुचत नसे. तो तक्रारीच्या सुरात लिहितो, की हिंदू राजांच्या मुली घरात आल्यापासून महालात होम होतो. अकबराच्या बाजूच्या माणसाने हे लिहिलं असतं तर स्तुती म्हणून सोडून दिलं असतं. विरोधकाने लिहिलंय म्हणून ते मोलाचं. राणीला तिचे देव ठेवू दिले होते, ही चित्रपटातली गोष्ट निराधार नाही.

यात्रेकरूंवरचा कर अकबराने १५६३ मध्ये माफ केला आणि पुढच्या वर्षी जिझिया. हे खरंच. मात्र ते राणीच्या प्रेमापोटी केलं, असं कुठली नोंद सांगत नाही. मथुरेजवळ शिकारीला गेला असताना यात्रेकराची गोष्ट त्याच्या कानावर आली, असं अबुल फजल सांगतो. प्रेमकथेला मोठा निर्णय एखाद्या नजरेतून घडलेला हवा असतो. राज्यकारभारात तो हळूहळू शिजतो.

गंमत अशी, की चित्रपटातला जो प्रसंग पाहताना हमखास खोटा वाटतो, तोच शब्दशः खरा आहे. अकबराची दाई माहम अनगा हिचा मुलगा आधमखान याने वजीर अतगाखानाला भर दरबाराच्या जागी मारलं. अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावलं. तो मेला नाही म्हणून पुन्हा वर आणून पुन्हा फेकायला लावलं. मे १५६२. सांभरच्या लग्नाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आमेरहून नुकतीच आलेली ती मुलगी त्या दिवशी आग्र्याच्या त्याच किल्ल्यात कुठेतरी असणार. तिला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

सलीम-अनारकलीबद्दल दोन ओळी, कारण तोही प्रश्न येतोच. अकबरनाम्यात अनारकली नाही, जहांगीरच्या आत्मचरित्रातही नाही. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६११ च्या सुमारास लाहोरमध्ये ऐकलेली कुजबुज लिहून गेला, लाहोरला त्या नावाचं थडगं आहे, आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट १९२२ च्या एका उर्दू नाटकाने घडवली.

## आणि ते कपडे, ते दागिने?

माझ्या बहिणीने २००८ साली लग्नात 'जोधा सेट' हवा म्हणून हट्ट धरला होता. तो हट्ट मला कळतो. नीता लुल्ला यांना त्या वेशभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, आणि आग्र्याचा किल्ला उभा केला तो आपल्या कर्जतला, दिवंगत नितीन चंद्रकांत देसाई यांनी. प्लायवूड आणि प्लास्टरमधून त्यांनी दगडाचं वजन निर्माण केलं, हे मराठी हातांचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

पण राणीचं रूप संपूर्ण कल्पनेतलं आहे, आणि त्याला इलाज नव्हता. दरबारी चित्रकारांना पडद्याआडच्या राण्या दिसतच नसत. त्यांनी काढलेल्या स्त्रिया म्हणजे ठरावीक साच्यातला एकच चेहरा. अकबराचं तसं नाही. जहांगीर लिहितो, वडील मध्यम उंचीचे, गव्हाळ वर्णाचे, डोळे आणि भुवया काळ्याभोर, नाकाच्या डाव्या बाजूला अर्ध्या वाटाण्याएवढा तीळ. बापाच्या नाकावरचा तीळ आपल्यापर्यंत पोचला. आईच्या चेहऱ्याबद्दल एक ओळ नाही.

## प्रेमकथेने जे झाकलं

माझा खरा राग इथे आहे. लग्नाच्या आसपासचे एक-दोन कल्पित महिने आपण पुन्हा पुन्हा बघतो आणि त्यानंतरची एकसष्ट वर्षं कुणी विचारत नाही. ती तर कागदोपत्री आहेत!

मरियम-उज-जमानी जहाजमालक होती. तिचं 'रहीमी' हे जहाज सुरतेहून लाल समुद्राकडे जाई, हजचे यात्रेकरू आणि व्यापारी माल घेऊन. आग्र्याजवळच्या बयान्याच्या बाजारात तिचे गुमास्ते नीळ खरेदी करत. एकदा तिथे वर उल्लेखलेल्या फिंचने तिच्या माणसांपेक्षा चढी बोली लावून नीळ उचलली, आणि दरबारात इंग्रजांचं पारडं त्यामुळे चांगलंच हललं. राजमातेच्या व्यापारात आडवं जाणं सोपं नव्हतं. तिच्या नावाने हुकूम निघत. बादशहाचं ते फर्मान, राणीचा तो हुकूम. लाहोरला तिने बांधवलेली मशीद आजही उभी आहे.

१६१३ मध्ये मोठं प्रकरण घडलं. त्या काळी अरबी समुद्रात जहाज न्यायचं तर पोर्तुगिजांकडून कार्ताज घ्यावा लागे. कार्ताज म्हणजे समुद्रावरचा परवाना. हमरस्त्यावर कुणीतरी स्वतःच नाका टाकून बसावं, तसं. रहीमीकडे कार्ताज होता. तरीही पोर्तुगिजांनी ते सुरतेजवळ धरलं आणि सुमारे सातशे माणसांसकट गोव्याला नेलं. जहांगीर खवळला. आग्र्याचं जेझुइटांचं चर्च बंद झालं, सुरतेत पोर्तुगिजांचा व्यापार थांबला, दमणला वेढा पडला. १६१५ मध्ये तह होईपर्यंत हे चाललं, आणि पोर्तुगिजांची जागा घ्यायला इंग्रज टपलेलेच होते. पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासातलं हे वळण एका साठी ओलांडलेल्या बाईच्या जहाजाभोवती घडलं. यावर एकही चित्रपट नाही.

## "सिनेमाच तर आहे, इतका कीस कशाला?"

हा शेवटचा आक्षेप, आणि तो मनापासून केला जातो. मीही तो सिनेमा तीनदा पाहिलाय, पुन्हा बघेन. कल्पनेला माझा विरोध नाही. रिकामी जागा भरणं हे कलावंताचं कामच आहे. पण 'जोधा होती की नव्हती' म्हणून आपण रस्त्यावर भांडतो, तेव्हा एका माणसाचं सगळं आयुष्य एका नावावर पणाला लावतो. आणि ते नावही तिचं नाही. एक बाजू म्हणते ती महान प्रेमिका होती, दुसरी म्हणते ती नव्हतीच. दोन्ही बाजूंना जहाज दिसत नाही.

जहांगीर लिहितो, की लाहोरजवळ आई येतेय कळल्यावर तो नावेत बसून तिला सामोरा गेला आणि लहानाने थोराला करावा तसा वाकून नमस्कार केला. ती १६२३ मध्ये वारली. तिला सिकंदऱ्याला, अकबरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पुरलं. आग्र्याला गेलात तर ताजमहालानंतर रिक्षावाल्याला 'मरियम का मकबरा' सांगा. चौकोनी, बैठी इमारत आहे, चार कोपऱ्यांवर छत्र्या, वर घुमट नाही.